तळ की ठाणं?

‘समुद्रापारचे दूरदूरचे लष्करी तळ परवडत नाहीत’ असं वाक्य लेखात लिहिलं होतं. तपासणाऱ्याने ‘तळ’ खोडून ‘ठाणी’ केलं. काही फरक पडतो का?

— पडतो. तळ ठोकतात, हलवतात, उठवतात. मुक्कामाचा शब्द आहे तो. ठाणं बसतं, आणि बसलं की राखावं लागतं. (छावणी तर मुळात पावसाळ्यापुरती. ती इथे नकोच.) ‘हवाई तळ’, ‘नाविक तळ’ रुळलेत हे खरं, पण खर्चाबद्दल बोलायचं तर ठाणंच बरं. ठाण्याला माणसं, माणसांना रसद, आणि रसदेच्या वाटेवर आणखी एक ठाणं. १ मे १९८२ ला, अर्जेंटिनाने बळकावलेल्या दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरची धावपट्टी फोडायला, ब्रिटिशांचं व्हल्कन बॉम्बफेकी विमान अटलांटिकमधल्याच त्यांच्या असेन्शन बेटावरून गेलं. अंतर सहा हजार किलोमीटरच्या वर. बॉम्ब टाकणारं विमान एक, त्याच्यासाठी इंधनवाहू विमानं ११, आणि त्यांतली काही एकमेकांनाच इंधन पाजत होती! २१ बॉम्बपैकी धावपट्टीवर पडला एक.

— हेच उदाहरण उलटं वाचा. असेन्शनवर ठाणं नसतं तर तो एकही पडला नसता. आणि फॉकलंडवर युद्धाआधी होते मूठभर ब्रिटिश मरीन सैनिक. तिथे वाचवलेला पैसा ७४ दिवसांच्या युद्धात गेला, सोबत २५५ ब्रिटिश सैनिकही. मग १९८५ मध्ये तिथे माउंट प्लेझंटचा लष्करी विमानतळ सुरू झाला.

— मान्य. म्हणून मी नामापेक्षा क्रियापद बघतो. ठाणं ‘राखलं’ म्हणणाऱ्याला ते हवंय, ‘पोसलं’ म्हणणाऱ्याने मनात हिशेब आधीच मिटवलाय. हत्तीचंही तसंच, दारी झुलतो तेव्हा वैभव, पोसायचा म्हटलं की बोजा. ‘परवडत नाहीत’ हे पोसण्याच्या बाजूचं झालं. शिवाय परवडणं म्हणजे नुसतं भाडं नव्हे. क्यूबातल्या ग्वांतानामोच्या अमेरिकी नाविक ठाण्याचं वर्षाचं भाडं अवघं ४,०८५ डॉलर, आणि क्यूबा ते धनादेश वटवतही नाही. त्याला स्वस्त म्हणाल?

— आणि हिंदी महासागरातलं दिएगो गार्सिया बेट, जिथे अमेरिकेचं लष्कर आहे? बातम्यांत ‘तळ’च असतं.

— असतं खरं. पण १९६८ ते १९७३ या काळात तिथली नि आसपासच्या बेटांवरची वस्ती उठवली. माणसं उठवून जे बसवलं, त्याला मी तरी तळ म्हणणार नाही.

— बरं, ‘ठाणी’ ठेवतो. आता ‘परवडत नाहीत’च्या जागी काय लिहू?