शब्दचर्चा: ‘सामुदायिक पर्यवेक्षण’ म्हणजे देखरेख कोणावर, आणि जोखीम कोणाची?

अनुस्वार
महाराष्ट्रातल्या आदिवासी तालुक्यांत काम करणाऱ्या परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता अटींवर बाहेर ठेवणं) अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करायची आहे. मसुद्यात ‘कम्युनिटी सुपरव्हिजन’साठी ‘आदिवासी गुन्हेगारांचे सामुदायिक पर्यवेक्षण’ आणि ‘रिस्क असेसमेंट’साठी ‘धोका मूल्यांकन’ असं धरलं आहे. दोन्ही खटकतात. पर्याय हवेत. शिवाय ‘परिविक्षा’ की ‘परिवीक्षा’? सरकारी कागदांत दोन्ही दिसतात.

मोडीवाचक
शेवटचा प्रश्न आधी, कारण तो सोपा. वी दीर्घच. परि + वि + ईक्षा. धातू ईक्ष्, म्हणजे पाहणे. निरीक्षण, परीक्षा, पर्यवेक्षण (परि + अव + ईक्षण), अपेक्षा ही सगळी त्याच घरातली भावंडं. उपेक्षाही त्याच घरातली, हे लक्षात असू द्या.

‘प्रोबेशन’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘पारखणं’ आहे. माणसाला संधी द्यायची आणि तो कसोटीला उतरतो का ते बघायचं. मराठी शब्दातून कसोटी गेली, नुसतं चहूबाजूंनी पाहणं उरलं. नोकरीत नवा लागलेलाही ‘परिवीक्षाधीन’च असतो. त्यामुळे ‘तू परिवीक्षेवर आहेस’ एवढं सांगून दोषी ठरलेल्या माणसाला काहीच कळत नाही.

आता बोलीतले शब्द. ‘पाळत’ चोरून ठेवतात, ज्याच्यावर ठेवली त्याला ती कळू नये असा हेतू असतो. ‘नजर ठेवणे’ त्याच जातीचं. ‘निगराणी’ फारसीतून आलं आणि पोलिसी वासासकट राहिलं. पण त्याच फारसी कुळातला ‘निगा’ मराठीत येऊन पार बदलला: निगा पाहण्याची नसते, राखण्याची असते. ‘देखरेख’ या दोघांच्या मधोमध बसते. मुलांवर देखरेख असते, बांधकामावरही असते. माझं मत देखरेखीला.

पाऊलवाट
देखरेख ठीक, पण खरी मेख ‘सामुदायिक’मध्ये आहे. सामुदायिक विवाह, सामुदायिक शेती, सामुदायिक प्रार्थना: मराठीत हे विशेषण ‘सगळ्यांनी मिळून’ किंवा ‘सगळ्यांचं एकत्र’ असं सांगतं. इंग्रजीत अभिप्रेत आहे ‘तुरुंगात न ठेवता, समाजात ठेवून’. तुमच्या मथळ्याचा मराठी माणूस लावेल तो अर्थ असा, की अख्ख्या आदिवासी समाजावर एकगठ्ठा देखरेख.

आणि तसं इथे खरोखर झालेलं आहे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू होईल असा विस्तारला. 1924 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. जमात जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीशिवाय मुक्काम हलवायचा नाही. या जमातींना ठेवायच्या वसाहतीला ‘सेटलमेंट’ म्हणत; सोलापुरात हा शब्द वस्तीचं नाव म्हणून अजून वापरात आहे. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला. म्हणूनच ‘विमुक्त’ हा शब्द आणि म्हणूनच त्या तारखेचा विमुक्त दिन. पाठोपाठ राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले, मुंबईचा 1959 चा. कागदावर जमातीच्या जागी व्यक्ती आली. ठाण्यावरच्या बोलण्यात किती आली ते तिथल्या भाषेवरून ओळखावं.

त्यामुळे ‘आदिवासी गुन्हेगार’ ही विशेषण-नामाची जोडी टाळा. ‘दोषी ठरलेली आदिवासी व्यक्ती’ लांब आहे, पण ‘गुन्हेगार जमात’ची सावली तिच्यावर पडत नाही. आणखी एक घोळ: फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, पण इतर बऱ्याच विमुक्त जाती अनुसूचित जमातीत नाहीत. ‘ट्रायबल’ला सरसकट ‘आदिवासी’ म्हटलं की पुस्तिका नेमकी कोणाबद्दल आहे तेच कळेनासं होतं.

कलमकसाई
कायद्याची भाषा: ‘ऑफेन्स’ म्हणजे अपराध, ‘ऑफेंडर’ म्हणजे अपराधी. अधिनियमाचं नावच ‘अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958’. महाराष्ट्रात परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे येतात, पोलिसांकडे नाही. एवढं एक वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घाला. पाड्यावर खाकी नसलेला सरकारी माणूस आला तरी ‘कसली चौकशी?’ हाच पहिला प्रश्न असतो.

जे शब्द हमखास गोंधळतात ते असे. कलम 3 खाली ‘समज देऊन सोडणे’: बंधपत्र (लेखी हमी) नाही, देखरेख नाही. कलम 4 खाली ‘चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणे’: मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं. फाशी किंवा जन्मठेपेच्या अपराधाला हे लागू नाही. देखरेखीचा आदेश वेगळा निघतो आणि तो किमान 1 वर्षाचा असतो. म्हणजे बंधपत्रावर सुटलेला प्रत्येक जण देखरेखीखाली नसतो. भाषांतरात हे दोन्ही एकच ‘परिवीक्षा’ होऊन बसतात. आणि पोलिसांची ‘चॅप्टर केस’ (सराईत समजल्या गेलेल्यावरची प्रतिबंधक कारवाई; आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 129, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 110) हे भलतंच प्रकरण. तिथेही चांगल्या वर्तणुकीचंच बंधपत्र असतं, पण अपराध सिद्ध झालेला नसतो. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. त्या कैद्याच्या रजा, या पुस्तिकेत त्यांचं काम नाही.

‘धोका’ मात्र काढाच. 1981 च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्या पंगतीत ‘धोकादायक व्यक्ती’ बसली आहे. अहवालात ‘धोका: जास्त’ असा शेरा पडला की वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच कायदा येतो.

मोडीवाचक
‘जोखीम’ घ्या. मराठीत जोखीम म्हणजे जवळचा मौल्यवान ऐवजही: ‘जोखीम बरोबर आहे, रात्रीचा प्रवास नको.’ सांभाळायची गोष्ट असा एक पदर त्यात आहे, तो इथे चांगलाच शोभतो. पण षष्ठी सांभाळा. ‘अपराध्याची जोखीम’ म्हणजे त्याच्यापासूनची की त्याला असलेली? ‘पुन्हा अपराध घडण्याची जोखीम’ असं पूर्ण लिहा. ‘मूल्यांकन’ही मला जड वाटतं. त्यात गुण देणं आलं. ‘जोखणं’ आहे की! जोखीम जोखणं.

पाऊलवाट
गुण देण्यावरच गाडी घसरते. जोखमीच्या प्रचलित तक्त्यांत दोन तऱ्हेचे घटक असतात: न बदलणारे (मागचे गुन्हे, पहिल्या अटकेचं वय) आणि बदलणारे (काम, व्यसन, संगत, राहण्याची जागा). आपल्याकडच्या पाड्यांवर हे रकाने भरताना काय होतं ते पाहा.

‘पत्ता वारंवार बदलतो’: दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेलं कुटुंब पावसाच्या तोंडावर परततं. तक्त्यात हे अस्थैर्य ठरतं. खरं तर वर्षानुवर्षं तोच क्रम चालू असणं हेच स्थैर्य.
‘गुन्हेगार सोबती’: सगळा पाडा एकाच भावकीचा. एकावर केस झाली की उरलेल्या सगळ्यांना गुन्हेगार सोबती मिळाला.
‘मागचे गुन्हे’: लाकूडफाटा, जंगलातली शेती, मोहाची दारू. जंगलातली जुनी शेती मान्य करणारा वनहक्क कायदा 2006 चा, त्याआधीच्या अतिक्रमणाच्या केस किती जणांवर असतील! इथे तीन आकडे वेगळे हवेत: नोंदलेले, चालू असलेले, शिक्षा झालेले. ‘एकूण गुन्हे’ असा एकच रकाना असेल तर सुटका झालेली केससुद्धा माणसाच्या अंगाला चिकटते.
‘वय’: जन्मतारीख 1 जून दिसली की शाळेतल्या गुरुजींनी घातलेली आहे असं समजावं आणि दुसरा पुरावा शोधावा.

कॅनडात हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 2018 च्या एवर्ट निकालात न्यायालयाने म्हटलं, की मूलनिवासी कैद्यांच्या बाबतीत ही साधनं अचूक चालतात का याची खात्री न करता तुरुंग खात्याने ती वापरली, आणि कायद्याने घातलेलं कर्तव्य मोडलं. साधन वापरूच नका असं म्हटलं नाही. तपासून वापरा म्हटलं.

कलमकसाई
वयाचं महत्त्व कलम 6 मुळे. 21 वर्षांखालच्या अपराध्याला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि पाठवलंच तर कारणं नोंदवायची. वय धरायचं ते शिक्षेचा विचार होतो त्या दिवशीचं, अपराधाच्या दिवशीचं नव्हे. 1 जूनने हा लाभ हुकू शकतो.

कलम 4 ची आणखी एक मेख: अपराध्याचं किंवा जामीनदाराचं न्यायालयाच्या हद्दीत कायम राहण्याचं ठिकाण किंवा नियमित कामधंदा असावा लागतो. त्या ‘किंवा’चं ‘आणि’ करू नका. स्थलांतर करणाऱ्याला पाड्यावरचं घर पुरतं, जामीनदाराचं असलं तरी चालतं.

अनुस्वार
म्हणजे मथळा ‘आदिवासी भागात दोषी ठरलेल्या व्यक्तींवर गावी ठेवून देखरेख’ असा करू? आणि देखरेखीत गावाला सामील करून घ्या असं मूळ मजकुरात आहे, तिथे ‘पंचांमार्फत’ चालेल?

पाऊलवाट
‘गावी ठेवून’ छान. कोरकू, पावरी, माडिया बोलणाऱ्यालाही ते समजावून सांगता येतं. ‘पंच’ जपून. पेसा कायदा (1996, अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) ग्रामसभेची तंटे मिटवण्याची रूढ पद्धत मान्य करतो, म्हणून ‘ग्रामसभा’ लिहा. ‘पंच’ म्हटलं की जातपंचायत डोळ्यांसमोर येते, आणि कोणाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दुसरं, अधिकाऱ्याचा अहवाल कलम 7 ने गोपनीय असतो. ग्रामसभेत वाचून दाखवायचा नाही. गावाला विचारायचं ते एवढंच: काम कोण देईल, भांडण झालं त्या घराशी बोलणं कोण करेल, तालुक्याला बरोबर कोण येईल.

कलमकसाई
आदेशातल्या अटी अपराध्याला समजावून सांगणं आणि प्रत त्याला, जामीनदाराला व अधिकाऱ्याला देणं न्यायालयावर बंधनकारक आहे. ‘मादक पदार्थांपासून अलिप्त राहणे’ ही अट सर्रास पडते. जिथे देवकार्यात मोहाची धार धरतात तिथे ही अट पहिल्याच सणाला मोडते. आधीच बोलून ती नेमकी करून घ्यावी.

नोंदवहीत ‘गैरहजर’ हा शिक्का एकटा ठेवू नका. त्याच्या शेजारी ‘कामासाठी बाहेर, ठिकाण कळवले’ असा दुसरा रकाना हवा. पहिल्या शिक्क्याने गाडी कलम 9 कडे जाते, म्हणजे अटभंग. तिथे न्यायालय 50 रुपयांपर्यंत दंडावर भागवू शकतं किंवा मूळ अपराधाची शिक्षा देऊ शकतं. दुसऱ्या रकान्यावरून अधिकाऱ्याने कलम 8 खाली अट बदलून मागायची: हजेरी दरमहा तालुक्याला न ठेवता जाण्याआधी एकदा, परतल्यावर एकदा, मधे फोन. आणि तो शब्दही ‘हजेरी’ नको. ‘भेट’ लिहा.