सहज, उपजत, जन्मजात, आनुवंशिक : अर्थ एकच की वेगवेगळे?

मूळ प्रश्न

प्राण्यांच्या वर्तनावर मुलांसाठी एक लेख लिहिते आहे आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडून बसले आहे. इंग्रजीत ज्याला 'इन्स्टिंक्ट' म्हणतात त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? सहजप्रवृत्ती, उपजत प्रेरणा, नैसर्गिक प्रेरणा, अंतःप्रेरणा असे सगळे शब्द वाचनात येतात.

उदाहरण रानहंसिणीचं आहे. अंडं घरट्याबाहेर गडगडलं की ती मान लांबवते आणि चोचीच्या खालच्या बाजूनं ते हळूहळू आत ओढून आणते. मध्येच कुणी अंडं काढून घेतलं तरी ती थांबत नाही, नसलेलं अंडं ओढत थेट घरट्यापर्यंत येते. कोनराड लोरेन्ट्स आणि निको टिंबर्गेन यांनी १९३८ मध्ये या हालचालीचा बारकाईनं अभ्यास केला होता. मी लिहिलं, "हंसीण हे सहजप्रवृत्तीने करते." माझ्या भाचीनं वाचलं आणि विचारलं, "सहज म्हणजे उगाच ना? काही कारण नसताना?" तिचं चुकलं असं मला म्हणता येईना.

प्रतिसाद

भाचीचं खरंच चुकलेलं नाही. सहज म्हणजे 'सह + ज', सोबत जन्मलेलं. गीतेच्या अठराव्या अध्यायात 'सहजं कर्म' आहे, ते याच अर्थानं. जे जन्माबरोबर आलं ते करायला कष्ट पडत नाहीत, म्हणून सहज म्हणजे सोपं. जे सोपं ते हेतू न धरताही होतं, म्हणून "सहज आलो होतो". आजच्या मराठीत हा शेवटचा अर्थच कानाला आधी लागतो. 'सहजप्रवृत्ती' शास्त्रीय पुस्तकात टिकून आहे, पण दहा वर्षांच्या मुलासाठी त्यातला 'ज' केव्हाच पुसला गेला.

'अंतःप्रेरणा' मात्र वापरू नका. कवीला होते ती अंतःप्रेरणा, आतला आवाज ऐकून एखादा निर्णय घेतो तीही अंतःप्रेरणा. हंसिणीच्या मानेचा तिच्याशी संबंध नाही.

माझं मत 'उपजत'ला. उपजणे म्हणजे जन्माला येणे. शब्द घरातला आहे आणि त्याचा अर्थ अजून शाबूत आहे.

जाता जाता, वर्तन, वृत्ती, प्रवृत्ती, निवृत्ती हे सगळे शब्द एकाच 'वृत्' धातूचे. 'वर्तन' हाच शब्द धरून ठेवा. 'वर्तणूक' म्हटलं की चांगली-वाईट असा निवाडा मागून येतो आणि 'आचरण' तर माणसाचंच असतं. माशीला वर्तन असतं, आचरण नसतं.

प्रतिसाद

एक छोटी भर. शाळेच्या पुस्तकातला 'संप्रेरक', म्हणजे हॉर्मोन, हा शब्द मला फार आवडतो. प्रेरणा देणारं रसायन! ग्रंथीतून रक्तात उतरणारा स्राव आणि वागण्यातला बदल यांचा धागा एका शब्दात आला आहे. मूळ परभाषेतल्या शब्दाचाही अर्थ जवळपास हाच, चेतवणारा.

प्रतिसाद

मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'उपजत' हा शब्द छान आहे, पण तो वापरताना आपण नकळत तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. जन्मतः असलेलं, जनुकांतून आलेलं आणि न बदलणारं. या तिन्ही गोष्टी नेहमी एकत्र येतात असं नाही.

आधी जन्मजात घ्या. नुकतंच जन्मलेलं बाळ इतर बायकांच्या आवाजापेक्षा स्वतःच्या आईचा आवाज ऐकायला जास्त उत्सुक असतं. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये हे दाखवलं. चोखणीवर बाळ कसं चोखतं यावर कोणता आवाज ऐकू येईल ते ठरत होतं, आणि बाळं आईचा आवाज मिळेल अशा तऱ्हेनं चोखत होती. ही आवड जन्मापासूनची दिसते, पण त्या एका बाईचा आवाज जनुकांत लिहिलेला असणं शक्य नाही. पोटात असताना ऐकून ओळखीचा झालेला आवाज आहे तो. म्हणजे जन्मजात आहे आणि तरीही शिकलेलं आहे.

आता आनुवंशिक. हंटिंग्टनच्या आजाराचा दोष एकाच जनुकात असतो. तो गर्भधारणेपासून शरीरात असतो, पण स्वभावातले बदल, हालचालींवरचा सुटत जाणारा ताबा हे बहुतेकांत तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसू लागतं. हे आनुवंशिक आहे, पण याला जन्मजात वर्तन म्हणता येत नाही.

आणि न बदलणारं? फिनाइलकीटोन्यूरिया हा आजारही आनुवंशिक आहे. प्रथिनांतला एक घटक या मुलांच्या शरीराला नीट पचवता येत नाही, तो साठत जातो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तो वेळीच ओळखला आणि आहारातला तो घटक कमी ठेवला, तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. जनुक तेच राहतं, परिणाम बदलतो. 'आनुवंशिक' म्हणजे 'इलाज नाही' असं मनात धरून बसलेले आईवडील मी पाहिले आहेत, म्हणून या शब्दाबद्दल मला इतकं पोटतिडकीनं लिहावंसं वाटतं.

याचा अर्थ जनुकांचा वर्तनाशी संबंध नाही असा अजिबात नाही. युरोपात काळ्या टोपीचा वटवट्या नावाचा एक छोटा पक्षी आहे. हिवाळ्याआधी पश्चिमेकडचे नैर्ऋत्येला जातात, पूर्वेकडचे आग्नेयेला. दोन्हीकडच्या पक्ष्यांची जोडी लावून झालेली पिल्लं पिंजऱ्यात वाढवली. त्यांना वाट दाखवणारं कुणी नव्हतं. स्थलांतराचा काळ आला तेव्हा त्यांचा रोख होता मधोमध, दक्षिणेकडे! इथे 'आनुवंशिक' हा शब्द छातीठोकपणे लिहावा.

पण बहुतेक वेळा उत्तर असं सरळ नसतं. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नाहीत. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहिलं की लगेच घाबरायला शिकतात. सूझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी चित्रफितीत फेरफार करून असं दाखवलं की माकड फुलांना घाबरतंय. ते पाहून मात्र कुणी फुलांना घाबरायला शिकलं नाही. आता सापाची भीती उपजत म्हणायची की शिकलेली? मी वर्गात म्हणतो, भीती शिकलेली आहे, पण ती शिकण्याचा कल उपजत आहे. 'कल' हा शब्द अशा ठिकाणी फार उपयोगी पडतो. तो झुकाव सांगतो, सक्ती सांगत नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

सर, मनापासून आभार. 'कल' उचलला. पण लेखात पुढे सुगरण पक्षी येतो. त्याच्या घरट्याला तरी 'उपजत कौशल्य' म्हणू ना?

प्रतिसाद

सुगरणीच्या बाबतीत आधी भाषेचीच गंमत पाहा. शब्द स्त्रीलिंगी, घर नीटनेटकं सांभाळणारीचा, आणि घरटं विणतो नर. अर्धं विणून झालं की माद्या येऊन पाहणी करतात. पसंत पडलं तर जोडी जमते आणि मग तो उरलेलं विणतो. तेव्हा लेखात 'सुगरण नर' असं स्पष्ट लिहा, नाहीतर मुलं उलटंच समजतील.

कौशल्याबद्दल सांगायचं तर, आफ्रिकेतल्या सुगरणीच्या भाऊबंदांवर कोलियास दांपत्यानं प्रयोग केले होते. ज्या कोवळ्या नरांना विणायला पातीच मिळू दिली नाहीत, ते पुढे विणकामात फार मागे पडले. लहानपणी ओबडधोबड विणून सराव व्हावाच लागतो. विणण्याची ओढ उपजत, हात बसतो तो सरावानं (पक्ष्याला चोच बसते म्हणावं लागेल).

मधमाश्यांचंही तसंच. फुलं कुठे आहेत हे त्या पोळ्यावर नाचून सांगतात. उभ्या रेषेशी केलेला कोन सूर्याच्या संदर्भात दिशा सांगतो आणि अंग थरथरवत चालण्याचा वेळ अंतर सांगतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि १९७३ चं नोबेल त्यांना लोरेन्ट्स, टिंबर्गेन यांच्याबरोबर मिळालं. हा नाच पूर्णपणे उपजत, असं मीही कितीतरी वर्षं सांगत आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अनुभवी माश्याच नसलेली पोळी तयार केली. तिथल्या तरुण माश्या नाचल्या खऱ्या, पण विस्कळीत आणि चुका करत. पुढे दिशेतल्या चुका सुधारल्या. अंतरातली चूक मात्र आयुष्यभर राहिली.

प्रतिसाद

मराठीत हा फरक करायची सोय आधीपासून आहे, आपण ती विसरतो. 'अंगवळणी पडलं' म्हणजे सरावानं आलं. 'हाडीमाशी खिळलं' म्हणजे आता वेगळं करता येत नाही, कुठून आलं याबद्दल काही सांगितलेलं नाही. 'बाळकडू' तर जन्मानंतर पाजायची गोष्ट. तरी "संगीताचं बाळकडू रक्तातच आहे" असं लोक लिहितात. बाळकडू रक्तात नसतं, ते कुणीतरी पाजलेलं असतं.

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण मात्र मी वापरणं सोडलं. मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियम या औषधाचा उन्माद (मेनिया) या मानसिक आजारावर होणारा परिणाम जगापुढे मांडला. ज्यांना घरचे 'स्वभावच तसा' म्हणत आले, त्यांतल्या काहींना खरोखर आजार होता आणि त्यावर औषध होतं. या म्हणीपायी माझ्या नात्यातल्या एका माणसाला डॉक्टरकडे न्यायला आम्ही फार उशीर केला.

प्रतिसाद

जीवशास्त्रवाला पुन्हा. हंसिणीबद्दल एक राहिलं. 'ती उपजत प्रेरणेनं असं करते' हे वाक्य उत्तरासारखं वाटतं, पण त्यातून काहीच कळत नाही. का करते, तर प्रेरणा आहे म्हणून. प्रेरणा आहे कशावरून, तर ती तसं करते त्यावरून. टिंबर्गेन यांनी १९६३ मध्ये 'का' या एका प्रश्नाचे चार प्रश्न केले : हालचाल शरीरात कशानं सुरू होते, वाढीच्या काळात ती कशी घडत जाते, जगायला तिचा काय उपयोग आणि उत्क्रांतीत ती कुठून आली. 'उपजत' म्हटल्यानं त्यातल्या फक्त दुसऱ्या प्रश्नाला हात लागतो, तोही ओझरता. जमलं तर नाम टाळा आणि काय घडतं ते क्रियापदात सांगा.

मूळ प्रश्न विचारणारी

वाक्य आता असं केलं आहे : "घरट्याबाहेर अंड्यासारखं काही दिसलं की हंसिणीची मान पुढे जाते. एकदा ओढायला सुरुवात झाली की मध्ये अंडं नसलं तरी ती ओढणं पूर्ण करते. हे तिला कुणी शिकवावं लागत नाही."

भाचीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "मग अंड्याऐवजी चेंडू ठेवला तर?" तोही ओढते, हे मला सांगता आलं, आणि तेही आता लेखात घालते आहे.