भक्ती बर्वे म्हणजे फक्त फुलराणी का?

गोदाकाठची:
रविवारी आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत एकपात्री स्पर्धा झाली, ११ मुली होत्या आणि त्यातल्या ७ जणींनी पु.लं.च्या 'ती फुलराणी' नाटकातलं मंजुळाचं तेच स्वगत केलं, पदर खोचून, टोपली कमरेवर घेऊन. मुलींनी जीव ओतला, प्रश्नच नाही. पण परीक्षक निकाल सांगताना म्हणाले की भक्ती बर्वे म्हणजे फुलराणी, बाकी सगळं किरकोळ. मला अजिबात नाही पटलं. बाई मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या, इतके स्वच्छ उच्चार की शब्द न शब्द कळायचा, आणि त्याच बाई स्टेजवर फुलं विकणारी मंजुळा करायच्या, जिला प्रोफेसर शुद्ध बोलायला शिकवतो. ज्या तोंडून लोकांनी प्रमाण भाषा ऐकली त्याच तोंडून मंजुळाची बोली, यातच तर खरी मजा होती. टीव्ही बाजूला काढला तर फुलराणीसुद्धा अर्धीच कळते.

जुना पंचवटीकर:
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नाटक आलं १९७५ ला, तेव्हा टीव्ही होता किती घरांत? आमच्या अख्ख्या आळीत एक नव्हता. आम्ही मंजुळा आधी पाहिली आणि बातम्या कितीतरी वर्षांनी. समोर सतीश दुभाषींसारखा तगडा नट, तरी नजर बाईंवरून हलायची नाही. बातम्या तर कागदावरच्या वाचायच्या असतात हो. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही मंजुळा केली, तरी आजही पहिलं नाव निघतं ते यांचंच. हे स्टेजनेच दिलं.

सिडकोतली खान्देशी:
काका, तुम्ही बातम्यांवरच अडकलात. दूरदर्शनवर त्यांनी बहिणाबाई केली होती ते विसरलात का? आमचं मूळ गाव जळगावकडचं. ते लागलं तेव्हा आजी सूप मांडीवर घेऊन गहू निवडत बसलेली, हात तसाच सुपात राहिला आणि आईला विचारते, "हे कोन्या गावची हाय व?" तिला ती आपल्याकडचीच बाई वाटली. आमची आजी कधी थेटरात गेली नाही, तिच्यापर्यंत भक्तीबाई पोचल्या त्या टीव्हीमुळेच, मग ते किरकोळ कसं?

जुना पंचवटीकर:
बहिणाबाईचं मान्य, ते काम मोठंच. पण बाईंनी स्वतः काय धरून ठेवलं ते बघा ना. शेवटच्या वर्षांत त्या 'पु.ल., फुलराणी आणि मी' हा कार्यक्रम करायच्या. फेब्रुवारी २००१ मध्ये वाईहून मुंबईला परतताना एक्स्प्रेस वेवर अपघातात गेल्या, अवघ्या ५२ व्या वर्षी. सकाळी बातमी कळली तेव्हा चहा तसाच गार झाला, आणि डोळ्यासमोर आली ती मंजुळाच. दुसरं काही नाही आलं.

गोदाकाठची:
काका, वाचून गलबलून आलं. पण त्याच नावात शेवटी 'आणि मी' पण आहे की. मी त्या 'मी'साठीच भांडतेय. 'अजब न्याय वर्तुळाचा' हे नाटक आहे, 'आई रिटायर होतेय' नाटकातली आई आहे, १९८३ च्या 'जाने भी दो यारो' सिनेमातली ती बेरकी संपादक आहे. पुढच्या वर्षी स्पर्धेत मी भाचीला बहिणाबाई करायला बसवणारे, सिडकोवाल्या ताई, बोलीचे उच्चार तेवढे तुम्ही तपासून द्या.