मोजक्या संख्येच्या स्पोर्ट्स कारवरचा ‘ऑन’ पुढे वाढतो की उतरतो?

विश्रामबागकर, सांगली:
माझा भाचा टेक्सासमध्ये असतो आणि मोजक्या संख्येत निघणारी एक नवी स्पोर्ट्स कार घेऊ पाहतो आहे. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याने पाठवलेल्या फोटोत काचेवर कंपनीची छापील किंमत आहे आणि तिच्या शेजारी डीलरने चिकटवलेली दुसरी चिठ्ठी: ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट, 25,000 डॉलर’, म्हणजे छापील किमतीवर मागितलेली जादा रक्कम, आपल्याकडचा ‘ऑन’. पुढच्या महिन्यात हा आकडा वाढेल, असे डीलर सांगतो. हे खरे असते का, आणि कंपनी याला आळा का घालत नाही?

अजिंक्यतारा, सातारा:
काचेवर किंमत लावणे अमेरिकेत 1958 च्या कायद्याने सक्तीचे केले. त्याच किमतीला विकण्याची मात्र सक्ती नाही. डीलर हा स्वतंत्र व्यापारी असल्याने कंपनी फार तर वाटपात हात आखडता घेते. 2018 च्या डॉज डीमनच्या वेळी, छापील किमतीत किंवा त्याखाली विकलेल्या गाड्या आधी बनवू, असे कंपनीने म्हणूनच जाहीर केले होते.

आता आकड्याविषयी. पहिल्या खेपेत एकेका डीलरच्या वाट्याला एक-दोनच गाड्या येतात आणि हौशी लोक त्यांवर तुटून पडतात. पुढे नव्या खेपा आल्या, हौस फिटलेल्यांच्या जेमतेम चाललेल्या गाड्या सेकंडहँड बाजारात आल्या, की तोच डीलर आपणहून फोन करू लागतो, कारण न विकलेल्या गाडीवर त्याचेही व्याज चालू असते. एकूण किती गाड्या बनणार हे कंपनीने जाहीर केले आहे का, एवढे भाच्याला विचारा. नसेल तर त्याने थांबावे.

मिरजेचा जुना स्कूटरवाला:
चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि नंबर लागलेला माणूस ‘ऑन’ घेऊन स्कूटर दुसऱ्याला देई. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली, बजाजनेही उत्पादन वाढवले आणि हा ‘ऑन’ हळूहळू कुणी मागेनासे झाले.

कृष्णाकाठ, कराड:
संख्या ठरलेली असली तरी निर्धास्त राहू नये. 2016 च्या पोर्शे 911 आर या गाडीच्या जगभरात 991 प्रतीच निघाल्या. अमेरिकेतली छापील किंमत 1,84,900 डॉलर असताना पुनर्विक्रीत कितीतरी पट रक्कम मागितली जात होती. पुढच्याच वर्षी कंपनीने 911 जीटी3 या दुसऱ्या मॉडेलला पुन्हा 911 आरसारखा हाताने बदलायचा गिअर दिला, 911 आरप्रमाणेच मागचा मोठा पंख नसलेले टूरिंग पॅकेजही आणले, आणि 911 आरचा भाव घसरला. अर्थात छापील किमतीच्या वर तो राहिलाच. ज्या गोष्टीसाठी लोक जादा मोजत असतात, ती दुसऱ्या गाडीत मिळणार आहे का, हेही भाच्याने पाहावे.

विश्रामबागकर, सांगली:
सर्वांचे आभार. कंपनीने संख्या जाहीर केलेली नाही, असे भाच्याने कळवले. त्याने दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे छापील किमतीत नाव नोंदवले आहे; गाडी यायला वर्ष लागेल. पहिल्या डीलरचा काल मेसेज आला होता, ‘18,000 वर येतो’ म्हणून.