काउंटीचं चकचकीत प्रोफाइल कितपत खरं धरावं?

प्रश्न: अमेरिकेतल्या एका ग्रामीण काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) छोटं पॅकेजिंग युनिट टाकायचा विचार आहे. लोकसंख्या जेमतेम १८ हजार. काउंटीने पाठवलेल्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, वीज, पाणी, मनुष्यबळ, सगळंच 'मुबलक'. कुणाला अनुभव?

उत्तर: 'मुबलक' दिसलं की मी पेन्सिल उचलतो, कारण एकदा पोळलोय. प्लॉटच्या कुंपणालगत विजेची लाइन बघून खूश झालो होतो. नंतर मान वर करून नीट पाहिलं तर खांबाच्या टोकाला एकच तार, खाली न्यूट्रल. सिंगल फेज! कारखान्याच्या मशिनांना लागणारी थ्री फेज दोन मैलांवर, आणि ती ओढून आणायचा खर्च आमच्याच गळ्यात. पाण्याचंही तसंच. पाइप किती इंची ते राहू द्या. प्रक्रिया केंद्राची मंजूर क्षमता आणि सध्याचा रोजचा वापर, दोन्ही आकडे मागा. सांडपाण्याचे तर त्याआधी.

दुसरं उत्तर: इंटरनेटच्या रकान्यात साल बघा. एफसीसीने (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) २०२४ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या २५/३ वरून १००/२० एमबीपीएस (डाउनलोड/अपलोड वेग) केली. जुन्या कागदावरचं 'ब्रॉडबँड उपलब्ध' आता पुरेसं नाही.

प्रश्नकर्ता: आणि माणसं?

पहिलाच मी: ६५ हजारांखालच्या काउंटीसाठी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे (जनगणना विभागाची दरवर्षीची पाहणी) आकडे ५ वर्षांचे एकत्र येतात. गेल्या वर्षी कारखाना बंद पडला असला तरी त्यात धड दिसणार नाही. जनगणना विभागाचं 'ऑन द मॅप' हे ऑनलाइन साधन फुकट आहे, त्यात किती जण कामाला काउंटीबाहेर जातात ते काढा. घराजवळ काम मिळालं तर तुमच्याकडे येतील ते हेच.