चोचदार पात्याची कामाची सुरी: बाक किती असावा?

खाडीकाठचा:
होडीवरचे दोर, जाळ्याची डागडुजी, बागेतली ठिबकची नळी आणि वेली यांसाठी चोचदार पात्याची एक पक्की सुरी गावच्या लोहाराकडून करून घेतोय. घडीची नको, बिजागरीत रेती आणि खवले जाऊन बसतात. आराखडा असा: पाते ७५ मिमी, पाठ ३ मिमी, ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद, मूठ ११५ मिमी. आणि बाक उथळच. टोक धारेच्या रेषेखाली १० मिमी, बस्स. इंटरनेटवरच्या त्या चंद्रकोरी फोटोत छान दिसतात. कामाला बसलात की सगळा जोर टोकावर जातो आणि टोकच पहिले मोडते. शिवाय खोल बाकात सपाट दगड चालत नाही, पाजवणार कशी?

दोरखंड:
साफ असहमत. मग चोच ठेवताच कशाला? ओला नायलॉनचा दोर सरळ धारेवरून घसरत टोकाबाहेर निसटतो. खोल बाकात तो अडकतो आणि ओढाल तसा धारेवर दाबला जातो. जाड दोर तुमच्या १० मिमीत थांबणारच नाही. आपल्या कोयतीचे टोक पुढे वळवतात ते उगीच का? पाजवण्याचे म्हणाल तर गोल कानस आहे की.

खाडीकाठचा:
कोयती घाव घालायला, ही ओढायला. कोयतीत निम्मे काम तिचे वजनच करते. तिचा दाखला इथे लागू नाही.

भाता-ऐरण:
कानशीवरून दोघांनाही सांगतो. कोयती मऊसर ठेवलेली असते म्हणून तिला कानस लागते. ही सुरी नीट पाणी देऊन (म्हणजे तापवून, तेलात विझवून) ५६-५७ रॉकवेलला, म्हणजे कडकपणाच्या त्या मापाला, आणलीत तर कानस नीट लागणार नाही. गोल दांडक्याला पॉलिश पेपर गुंडाळा, बाक उथळ असो वा खोल.

टोक मोडते ते बाकापेक्षा पातळपणामुळे. आडव्या जोराला टिकण्याची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते: जाडी दुप्पट केलीत तर टोक चौपट जोर सोसते. लोहार पाठ टोकाकडे निमुळती करत नेतात, तिथे त्याला थांबवा. टोकापासून ५ मिमीवर निदान २ मिमी जाडी राहू द्या.

आणि भंगारातला झिजलेला पाटा घेऊ नका. वर्षानुवर्षे वाकून त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असतात, पाणी देताना ते उघडतात. नवीन पट्टी आणा. तापवताना चुंबक चिकटेनासे झाले की अजून थोडे वर न्या आणि तेलात बुडवा. मग लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास. खाऱ्या पाण्यात गंजणारच, रोज पुसून तेलाचा हात फिरवायचा. स्टेनलेस म्हणाल तर त्याला हजाराच्या वर मोजून-मापून उष्णता लागते, ती भात्यावर सांभाळता येत नाही.

वायरमन सांगली:
मला ही जातच मान्य नाही. आमच्याकडे केबलचे वरचे आवरण सोलायला आकड्याचे पाते वापरतात, पण त्याच्या टोकाखाली गुळगुळीत पाय असतो, आतल्या वायरीला ओरखडा जात नाही. नुसती उघडी चोच म्हणजे ओढताना दोर तुटला की पाते थेट मांडीकडे. हलत्या होडीत तर नकोच. सरळ धार आणि खाली उतरलेली बोथट पाठ असलेली सुरी घ्या, नवख्याच्या हातीही देता येते.

तरी करायचीच असेल तर मुठीच्या मागच्या टोकाला फुगवटा ठेवा. पुढची आड (मूठ आणि पात्यामधला अडसर) लोकांना आठवते ती भोसकायच्या हत्यारामुळे. ओढायच्या सुरीवर हात मागे निसटतो, पुढे नाही.

दोरखंड:
फुगवट्याला शंभर टक्के पाठिंबा. मांडीचे म्हणाल तर दोर पायापासून बाजूला धरून कापावा, तो दोष सुरीचा नव्हे. म्यानाचा विचार मात्र कुणीच केला नाही! चामड्याच्या म्यानात चोच दर वेळी शिवणीला भिडते, थोड्याच दिवसांत शिवण उसवते. धारेच्या बाजूने आत जाड पट्टी शिवून घ्या.

खाडीकाठचा:
फुगवटा आणि टोकाची २ मिमी जाडी आराखड्यात घेतली. बाक १० चा १२ करतो, त्याहून एक मिमी नाही. जाड दोर दोन ओढीत कापेन.

दोरखंड:
हलत्या होडीत दुसरी ओढ मिळाली तर! निदान मुठीजवळच्या निम्म्या धारेला दाते काढा.

भाता-ऐरण:
दाते नायलॉनला झकास. पण बोथटले की एकेक दाता वेगळा पाजवावा लागतो, गावात ते कोण करणार? साधी धारच ठेवा.