मदत हवी आहे: फुले नसताना रानवनस्पती ओळखायला कसे शिकावे?

नमस्कार,

रानात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या वनस्पती ओळखण्याचा अभ्यास मी काही काळापासून करत आहे आणि आता एका ठरावीक टप्प्यावर अडले आहे. फूल समोर असेल तर निदान कुळापर्यंत पोहोचता येते. परंतु बऱ्याच वनस्पती वर्षातील थोडाच काळ फुलतात आणि एरवी हाती लागतात ती केवळ पाने, खोड आणि भोवतालची जागा. त्या काळातील ओळखीचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचणीचे मूळ मला समजते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७३५ मध्ये मांडलेले वर्गीकरण मुख्यतः पुंकेसरांवर बेतलेले होते; पुढे पद्धती बदलल्या, तरी ओळखीसाठी दिलेल्या किल्ल्यांमध्ये (एकेका लक्षणाचा पर्याय निवडत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांमध्ये) फुला-फळांची लक्षणे आजही मोठी जागा व्यापतात. फूल नसले की अशी किल्ली दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच थांबते.

सध्या मी प्रथम पाने एकाआड एक आहेत, समोरासमोर आहेत की एका पेरावर वर्तुळाकार आहेत हे पाहते. पान साधे की संयुक्त याविषयी शंका आली तर कळी, म्हणजे देठाच्या बगलेतील कोंब, कोठे आहे ते शोधते, कारण कळी पूर्ण पानाच्या देठाच्या बगलेत असते, पर्णिकेच्या, म्हणजे संयुक्त पानातील छोट्या पानाच्या, तळाशी नसते. त्यानंतर उपपर्ण (देठाच्या तळाजवळची छोटी पानासारखी वाढ), चीक, लव, पानावरील ग्रंथी आणि चुरगळलेल्या पानाचा वास. एवढ्यावर काही कुळांचा अंदाज बांधता येतो. अखंड कडांची साधी पाने समोरासमोर असून दोन देठांच्या मधोमध खोडावर उपपर्ण दिसले, तर कदंबाच्या कुळाचा विचार करता येतो. खोड तिधारी आणि भरीव असेल तर गवताऐवजी लव्हाळ्याच्या कुळाकडे वळता येते.

मात्र हीच लक्षणे चकवतातही. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि उग्र वास ही तुळशीच्या कुळाची खूण म्हणून सांगितली जाते, आणि घाणेरीत ही तिन्ही लक्षणे असूनही ती निराळ्या कुळातील आहे. दोन्ही कुळांतील एक भरवशाचा फरक बीजांडकोशाच्या रचनेत आहे, म्हणजे पुन्हा फुलातच. अशा जोड्या फुलाविना वेगळ्या करण्यासाठी अनुभवी मंडळी नेमके काय पाहतात?

दुसरी अडचण अधिवासाची आहे. एकाच झाडाची सावलीतील पाने मोठी व पातळ, तर उन्हातील लहान व जाड असू शकतात. काही पाणवनस्पतींची बुडालेली पाने तंतूंसारखी चिरलेली असतात आणि पाण्यावरची पसरट असतात. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रोपाला आधी पिसासारखी संयुक्त पाने येतात. पण तेच झाड मोठे झाल्यावर आपण जे पान समजतो ते खरे म्हणजे चपटे झालेले देठ असते. त्यामुळे पानांची मांडणी, उपपर्ण आणि चीक यांना अधिक वजन द्यावे व आकार, लव आणि कडांना कमी, असा माझा समज झाला आहे. तो कितपत बरोबर आहे? तसेच खारफुटीचा चिखल, कातळ किंवा ओढ्याचा काठ यांसारखी जागा ओळखीचा पुरावा म्हणून आधीच धरावी, की लक्षणे नोंदवून झाल्यावर पडताळणीपुरती वापरावी? आधी धरली तर मन अपेक्षित नावाकडेच झुकते, असे मला वाटते.

मोबाइलवरील अ‍ॅप मी वापरून पाहिले आहे. ते नाव सुचवते, पण कोणत्या लक्षणावरून ते सांगत नाही, त्यामुळे माझ्या शिकण्यात त्याने विशेष भर पडत नाही. ही ओळख मला खाण्यासाठी किंवा औषधासाठी नको आहे. केवळ पानांवरून ओळखलेली वनस्पती तोंडात घालणे किती धोक्याचे असते याची मला जाणीव आहे.

शेवटी नोंदींविषयी. रोप उपटायचे नाही असे मी ठरवले आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि कॅमेरा एवढेच जवळ असताना पानाची खालची बाजू, देठाची बगल, पेर आणि संपूर्ण झुडूप यांखेरीज आणखी कशाची छायाचित्रे घ्यावीत? आणि खुणेची चिठ्ठी बांधून तेच झाड फुलोऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा पाहावे, की नव्यानव्या वनस्पती पाहत जावे? ज्यांनी दोन्ही करून पाहिले आहे त्यांनी आपला अनुभव अवश्य लिहावा.